मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म : इ.स. १५४८च्या सुमारास, इथिओपिया. मृत्यू : १४ मे, इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य प्रधान, सेनानी आणि प्रशासक होता. गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या अंबरने इ.स. १६०० मध्ये राजधानी गमावलेली निजामशाही पुन्हा उभी केली आणि सुमारे २५ वर्षे मोगल साम्राज्याच्या दक्षिणेकडील विस्ताराला रोखून धरले. गनिमी काव्याचा पद्धतशीर वापर, खडकी शहराची (नंतरचे औरंगाबाद, सध्याचे छत्रपती संभाजीनगर) उभारणी आणि जमीन महसुलाची नवी घडी ही त्याची प्रमुख कार्ये मानली जातात. यांपैकी महसुलाची घडी सर्वांत दीर्घकाळ स्मरणात राहिली. त्याने ठरवलेली आकारणी हे पुढील दोन शतके एक माप ठरले. प्रत्येक नव्या राजवटीत महसुलाचे काम कसे व किती बदलले, हे त्या मापाशी तुलना करून पाहता येत असे.

जन्म आणि गुलामगिरीचा काळ

अंबरचा जन्म इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि तांबड्या समुद्रावरील मोखा व पुढे बगदाद येथे त्याची खरेदी-विक्री झाली. बगदादच्या मीर कासिम या मालकाने त्याची बुद्धिमत्ता ओळखून त्याला शिक्षण दिले व अंबर हे नाव ठेवले. हिशेब, पत्रव्यवहार आणि कारभार यांचे पहिले संस्कार त्याच्यावर याच काळात झाले.

त्या वेळी अरबी समुद्रापलीकडून दख्खनच्या सुलतानशाह्यांमध्ये हबशी गुलामांची मोठ्या प्रमाणावर आयात होत असे. येथे त्यांना मुख्यतः सैनिकी कामासाठी घेतले जाई. मालकाच्या मृत्यूनंतर अनेकांना मुक्तता मिळे आणि पुढे ते सरदारपदापर्यंत पोहोचत. इ.स. १५७०च्या दशकाच्या प्रारंभी अंबर अहमदनगरला आला, तेव्हा त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हा स्वतःही पूर्वाश्रमीचा हबशी गुलामच होता. राज्याचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो हे अंबरने चंगेजखानाच्या पदरी राहून जवळून पाहिले. इ.स. १५७४-७५च्या सुमारास चंगेजखानाचा मृत्यू झाला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

मुक्त झाल्यावर अंबरने काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत नोकरी केली. मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला. इ.स. १५९५च्या सुमारास सुमारे १५० स्वारांची तुकडी घेऊन तो निजामशाहीत परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या सेवेत रुजू झाला.

निजामशाहीचा पाडाव आणि पुनर्स्थापना

अंबर परतला तो काळ निजामशाहीच्या दृष्टीने अत्यंत अस्थिर होता. दरबारात दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदारांचे गट परस्परांशी झगडत होते. वारसाहक्काच्या भांडणात एका गटाने मोगलांनाच मदतीसाठी बोलावले. चांदबिबीने इ.स. १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा भुईकोट किल्ला धैर्याने लढवला, परंतु इ.स. १६०० मध्ये अंतर्गत कलहात तिची हत्या झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. बाल सुलतान बहादुर निजामशाह याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदिवासात पाठवण्यात आले.

राजधानी पडली तरी मुलूख मोगलांच्या हाती पूर्णपणे आला नव्हता. अंबरने विखुरलेले सैनिक एकत्र केले, राजघराण्यातील एका तरुणाला शोधून काढले आणि इ.स. १६०० मध्ये परांडा येथे त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले. आपल्या मुलीचा विवाह त्याच्याशी लावून देऊन त्याने प्रधानपद स्वतःकडे घेतले. इ.स. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा इरज याच्याविरुद्धच्या लढाईत अंबरचा पराभव झाला व तो जखमी झाला. त्यानंतर त्याने तात्पुरता तह केला.

निजामशाहीच्या उरलेल्या मुलखावर राजू दख्खनी हा दुसरा सरदारही हक्क सांगत होता. इ.स. १६०७च्या सुमारास अंबरने त्याचा पाडाव केला आणि राजधानी जुन्नरला हलवली. इ.स. १६१० मध्ये सुलतान मुर्तझाशी त्याचे संबंध विकोपाला गेले. सुलतानाला विषप्रयोगाने मारण्यात आले आणि तिसरा बुऱ्हाण निजामशाह गादीवर आला. डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रोक याने या हत्येमागे अंबर असल्याचे नमूद केले आहे. याच वर्षी अंबरने अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत मिळवला. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच याच्या अंदाजानुसार या काळात अंबरच्या सैन्यात सुमारे १०,००० हबशी आणि ४०,००० दख्खनी सैनिक होते.

युद्धपद्धतीतील बदल

मोगलांकडे तोफखाना, अवजड घोडदळ आणि मोठा खजिना होता. समोरासमोरच्या लढाईत त्यांच्यापुढे निभाव लागणार नाही, हे नांदेडच्या पराभवाने स्पष्ट झाले होते. त्यामुळे अंबरने मराठा बारगिरांच्या हलक्या घोडदळावर भर दिला. शत्रूच्या तळाभोवती घिरट्या घालणे, दाणागोटा व वैरण तोडणे, रात्री छापे घालणे, घाटमार्ग अडवणे आणि मोठी फौज चालून आल्यास मागे सरणे, अशी त्याच्या लढाईची रीत होती. या पद्धतीला बारगीगिरी म्हटले जाई. मालोजी भोसले, शहाजी भोसले, लखुजी जाधवराव आदी मराठा घराण्यांतील सरदार निजामशाहीच्या सेवेत होते आणि त्यांपैकी अनेकांना या युद्धपद्धतीचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला.

मोगल सेनापतींनी मात्र आपली रीत फारशी बदलली नाही. बुऱ्हाणपूरहून मोठी फौज निघावी, तिच्यामागे सामानसुमानाचा लांब तांडा असावा आणि बालाघाटात उतरल्यावर रसद तुटून तिने माघार घ्यावी, हा क्रम अनेकदा घडला. समोरच्या शत्रूची लढण्याची तऱ्हा बदलली आहे, हे बादशाही दरबाराने उशिरा ओळखले. प्रत्येक अपयशाचा दोष त्या त्या सरदाराच्या हेव्यादाव्यांवर टाकला जाई व सेनापती बदलला जाई; मोहिमेची रीत तीच राही.

महसूल व्यवस्था

अंबरच्या हाती आलेला मुलूख मुख्यतः पर्जन्यछायेचा होता. सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग त्यात मोडत असे. काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, हलक्या जमिनीत खरिपाची बाजरी आणि विहिरीच्या पाण्यावर थोडे बागायत, असे येथील शेतीचे सर्वसाधारण स्वरूप होते. एका वर्षी भरघोस पीक आणि दुसऱ्या वर्षी पेरणीही न होणे हे येथे नेहमीचे होते. अशा मुलखातून सततच्या युद्धासाठी पैसा उभा करायचा आणि रयत गाव सोडून जाणार नाही हेही पाहायचे, असा दुहेरी प्रश्न त्याच्यापुढे होता.

पूर्वीची स्थिती

अंबरच्या आधी अनेक ठिकाणी महसूल इजाऱ्याने दिला जाई. इजारदार सरकारला ठरावीक रक्कम देई आणि गावांकडून शक्य तितके वसूल करी. या पद्धतीत सरकारच्या दप्तरात फक्त इजाऱ्याची रक्कम नोंदली जाई. शेतात किती पिकले, शेतकऱ्याने प्रत्यक्षात किती दिले आणि किती जमीन पडीक राहिली, यांची माहिती सरकारपर्यंत पोहोचत नसे. कागदावर जमा स्थिर दिसत असताना गाव ओसाड होत असले, तरी ते दप्तरावरून कळण्याचा मार्ग नव्हता. लढायांच्या काळात अनेक गावांतील पाटील, कुलकर्णी व बलुतेदारांची घडीही विस्कटली होती.

नवी पद्धत

ग्रँट डफ याने इ.स. १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात अंबरच्या व्यवस्थेची जी माहिती नोंदवली आहे, तीच पुढील बहुतेक लेखनाचा आधार ठरली. तिच्यानुसार अंबरने इजाऱ्याची पद्धत बंद केली, वसुलीचे काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपवून त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली आणि मोडकळीस आलेली गावकामगारांची व्यवस्था पुन्हा उभी केली.

आकारणीचे काम टप्प्याटप्प्याने होत असे. प्रथम प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा धान्याच्या रूपात घेतला जाई. असे काही हंगाम केल्यावर त्या जमिनीतून सरासरी किती पिकते याचा अनुभव जमा होई. त्यानंतर धान्याचा हिस्सा रोख रकमेत बदलला जाई. ही रक्कमही सरसकट कायम नसे. त्या वर्षी किती जमीन लागवडीखाली आहे हे पाहून दरवर्षी तिचा हिशेब केला जाई. जिरायत व बागायत जमिनींमध्ये फरक केला जाई. परंपरेनुसार धान्यरूपातील हिस्सा पिकाच्या दोन-पंचमांश होता आणि रोख आकारणी पिकाच्या किमतीच्या सुमारे एक-तृतीयांश होती. उदाहरणार्थ, एखाद्या शेतात १५ मण ज्वारी झाली तर धान्यरूपाने सरकारचा वाटा ६ मण होई, तर रोख आकारणीत सुमारे ५ मण ज्वारीच्या किमतीइतका पैसा द्यावा लागे. या फरकामुळे बाजारभाव पडण्याचा व धान्य विकण्याच्या खटाटोपाचा काही भार भरून निघत असावा.

या पद्धतीची तुलना अकबराचा दिवाण राजा तोडरमल याच्या व्यवस्थेशी नेहमी केली जाते. सरासरी उत्पन्न काढून रोख दर ठरवणे हा दोहोंतील समान भाग आहे. मात्र तोडरमलच्या व्यवस्थेत जमिनीच्या मोजणीला मध्यवर्ती स्थान होते, तर अंबरच्या व्यवस्थेत पिकाची पाहणी आणि गावाचा अनुभव यांना अधिक महत्त्व होते.

गावाची जबाबदारी

अंबरने पाटील व कुलकर्णी यांचे वंशपरंपरागत हक्क मान्य करून गावच्या महसुलाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. जमिनीवर पिढीजात हक्क असलेल्या मिरासदारांचे हक्कही मानले गेले. कायमचा हक्क असलेला शेतकरी विहीर खोदतो, बांध घालतो आणि दुष्काळानंतर गावी परत येतो. उपऱ्या कुळाला तसे करण्याचे कारण नसते. त्यामुळे मिरासीला मिळालेली मान्यता ही महसुलाच्या स्थैर्याशी जोडलेली होती.

कारभाराच्या दृष्टीने या रचनेचा आणखी एक परिणाम झाला. गावात कुलकर्ण्याचे दप्तर आणि वर सरकारी कारकुनाचा हिशेब, अशा एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होऊ लागल्या. ठरलेला आकार, त्या वर्षीची लागवड आणि प्रत्यक्ष वसूल हे तीन आकडे शेजारी ठेवले की काम ठरल्याप्रमाणे चालले आहे की नाही, हे समजू शकत असे. लागवड घटली असूनही वसूल तेवढाच असेल तर रयतेवर जादा भार पडत आहे, आणि लागवड वाढूनही वसूल घटत असेल तर मध्ये कोठेतरी गळती आहे, असा त्याचा अर्थ होई.

खडकी आणि नहर-ए-अंबरी

इ.स. १६१० मध्ये अंबरने खडकी या लहान गावाच्या जागी नवे शहर वसवण्यास प्रारंभ केला. दौलताबादचा किल्ला जवळ असल्याने ही जागा लष्करी दृष्ट्याही सोयीची होती. शहराला पाणी पुरवण्यासाठी त्याने नहर-ए-अंबरी ही भूमिगत जलवाहिनी बांधली. हर्सूलच्या परिसरातील भूजल एकत्र करून ते केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. वाहिनीवर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असल्याने गाळ काढणे आणि प्रवाह कोठे अडला आहे हे पाहणे शक्य होते. शहरातील भडकल दरवाजा हेही अंबरच्या काळातील बांधकाम आहे.

मोगलांशी संघर्ष (इ.स. १६१६–१६२१)

इ.स. १६१६ मध्ये निजामशाहीतील काही सरदार मोगलांना मिळाले. त्यांच्याकडून मुलखाची व अंबरच्या डावपेचांची माहिती मिळाल्यावर शाहनवाजखानाच्या नेतृत्वाखालील मोगल फौजेने रोशनगाव येथे अंबरचा पराभव केला आणि खडकी शहर उद्ध्वस्त केले. पुढील वर्षी शहजादा खुर्रम (नंतरचा बादशहा शाहजहान) दख्खनमध्ये आला. तेव्हा झालेल्या तहानुसार अंबरला अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटाचा मुलूख परत करावा लागला. याच वर्षी व्हॅन डेन ब्रोक अंबरच्या तळावर त्याला भेटला होता. तळावरील शिस्त आणि रस्त्यांवरील सुरक्षितता यांचे त्याने वर्णन केले आहे.

खुर्रम उत्तरेकडे परतल्यावर अंबरने गेलेला मुलूख पुन्हा घेण्यास प्रारंभ केला. इ.स. १६२१ मध्ये खुर्रम दुसऱ्यांदा चालून आला व नवा तह झाला. त्यानुसार दख्खनच्या तीन सुलतानशाह्यांवर मिळून ५० लाख रुपयांची खंडणी बसवण्यात आली. त्यांपैकी निजामशाहीचा वाटा १२ लाख, विजापूरचा १८ लाख आणि गोवळकोंड्याचा २० लाख होता. निजामशाहीचा कमी केलेला वाटा ही तिच्या मुलखाच्या दुरवस्थेची अप्रत्यक्ष कबुली होती.

भातवडीची लढाई

इ.स. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांनी अंबरविरुद्ध हातमिळवणी केली. त्यांच्या संयुक्त फौजेशी अंबरची गाठ अहमदनगर शहराच्या आग्नेयेस असलेल्या भातवडी (भातोडी) येथे पडली. येथील तलावाचे पाणी सोडून अंबरने भोवतालचा प्रदेश चिखलमय केला. त्यामुळे शत्रूच्या तोफा व अवजड घोडदळ अडकून पडले. धान्याची टंचाई आणि रात्रीचे छापे यांनी फौजेचे धैर्य खचले, अनेक सैनिक तळ सोडून गेले आणि नंतरच्या हल्ल्यात तिचा पूर्ण पराभव झाला. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला आणि अनेक मोगल सरदार कैद झाले. या लढाईत शहाजी भोसले निजामशाहीच्या बाजूने लढले, तर त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. अंबरच्या युद्धपद्धतीचे हे सर्वांत यशस्वी उदाहरण मानले जाते.

मृत्यू आणि निजामशाहीचा शेवट

वडिलांविरुद्ध बंड केलेल्या खुर्रमला अंबरने आयुष्याच्या अखेरीस आश्रय दिला आणि त्याच्या साहाय्याने बुऱ्हाणपूरला वेढा घातला. पूर्वी दोनदा आपल्यावर चालून आलेल्या शहजाद्याशी त्याने केलेली ही मैत्री त्याच्या व्यवहारी राजकारणाची निदर्शक आहे. १४ मे, इ.स. १६२६ रोजी वयाच्या सुमारे ७८व्या वर्षी त्याचे निधन झाले. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे.

अंबरनंतर त्याचा मुलगा फतेहखान प्रधान झाला. परंतु त्याला सरदारांमधील एकोपा टिकवता आला नाही. इ.स. १६२९-३१च्या दुष्काळाने दख्खनमधील अनेक गावे उजाड झाली. इ.स. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या ताब्यात गेले. शहाजी भोसले यांनी आणखी तीन वर्षे निजामशाही तगवून धरली आणि इ.स. १६३६ मध्ये ती संपुष्टात आली.

महसूल पद्धतीचा पुढील प्रवास

राज्य संपले तरी अंबरची महसुलाची घडी मोडली नाही. निजामशाहीचा मुलूख मोगल, मराठे आणि इंग्रज यांच्या हाती क्रमाने गेला व प्रत्येकाने आपली पद्धत बसवण्याचा प्रयत्न केला. नियम कागदावर तसाच राहतो आणि काम करण्याची रीत हळूहळू बदलत जाते, असा अनुभव कोणत्याही मोठ्या संस्थेत येतो. असा बदल ओळखण्यासाठी आजचे व्यवस्थापनशास्त्र तारीखवार नोंदींची ठरलेल्या पद्धतीशी तुलना करते. दख्खनच्या महसुलाच्या बाबतीत अशी तुलना शक्य झाली, याचे मोठे कारण जुन्या आकारणीची स्मृती व नोंदी हे होते.

शिवकाल आणि मोगल काल

पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेव यांनी अंबरच्याच पद्धतीवर महसूल बसवला, असे ग्रँट डफ सांगतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली काठीने जमीन मोजण्यात आली. सभासद बखरीनुसार पिकाचे पाच भाग करून तीन भाग रयतेला आणि दोन भाग सरकारला, असे प्रमाण होते. म्हणजे हिश्शाचे परंपरागत प्रमाण तेच राहिले. बदल झाला तो मोजणीच्या कामात.

मोगलांच्या ताब्यातील मुलखात दिवाण मुर्शिद कुलीखान याने इ.स. १६५३ पासून वेगळी पद्धत लागू केली. तिच्यात पावसावरील पिकांवर निम्मा, विहिरीच्या पाण्यावरील पिकांवर एक-तृतीयांश आणि ऊस व फळबागांवर त्याहूनही कमी हिस्सा ठरवण्यात आला. वरील उदाहरणातील १५ मण ज्वारीवर आता साडेसात मणांचा हिस्सा होई. जिरायत मुलखातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा लहान फरक नव्हता.

पेशवाई

इ.स. १७५९ मध्ये अहमदनगरचा किल्ला पेशव्यांच्या ताब्यात आला. पेशवाईतील गावच्या हिशेबांत तीन संज्ञा वारंवार आढळतात. जुन्या आकारणीला तनखा म्हणत आणि तिचा संबंध अनेक ठिकाणी अंबरच्या व्यवस्थेशी जोडला जाई. नव्या पाहणीनंतर ठरवलेल्या पूर्ण आकारणीला कमाल म्हणत. प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम म्हणजे वसूल. जिल्ह्यांच्या पातळीवर वर्षारंभी अंदाजाचा बेहडा आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष जमाखर्चाचा ताळेबंद तयार होई. नाना फडणवीसांच्या काळात पुण्याच्या दप्तरात या कागदांची तपासणी काटेकोरपणे होत असे. कोणत्या परगण्यात वसुली तनख्याच्या किती वर गेली आणि कमालीच्या किती खाली राहिली, हे त्यावरून दिसत असे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हे चित्र पालटले. मामलती लिलावाने जास्त रक्कम देणाऱ्यास दिल्या जाऊ लागल्या. म्हणजे अंबरने बंद केलेला इजारा दोनशे वर्षांनी पुन्हा आला. त्याच काळात पुण्याच्या दप्तराकडेही दुर्लक्ष झाले. तेथील कारकूनवर्ग जवळजवळ मोडीत निघाला आणि कागदपत्रे बाहेर नेण्यावरही बंधन राहिले नाही. इ.स. १८०३-०४ मध्ये युद्ध आणि दुष्काळ यांनी अहमदनगरचा परिसर उजाड झाला असताना वसुलीचे आकडे तपासणारी यंत्रणाच उरली नव्हती. जादा वसुली आणि तिची नोंद न होणे या दोन गोष्टी एकत्र आल्याने रयतेला वर दाद मागण्यासाठी आधार राहिला नाही.

इंग्रजी अंमल

इ.स. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने इजारा बंद केला आणि प्रत्यक्ष लागवडीनुसार वसुली करण्याचे धोरण स्वीकारले. अहमदनगरचे काम हेन्री पॉटिंजर याच्याकडे होते. मूळ पद्धत कोणती आणि तिच्यात कोणते फेरफार केव्हा शिरले, हे समजून घेण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांना कुलकर्ण्यांच्या दप्तरांतील तनखा, कमाल आणि वसूल यांच्या नोंदींकडे वळावे लागले. विल्यम हेन्री साइक्स याने आपल्या पाहणीत गावांतील थळझाडे, म्हणजे जुन्या घराण्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जमिनींच्या याद्या, अभ्यासल्या.

त्यानंतर आर. के. प्रिंगल याने इ.स. १८२७ पासून नवी पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के आकारणी ठरवली. तिचे गणित बारीक होते. परंतु ते जमिनीच्या वास्तवाशी जुळले नाही, दर जड झाले आणि लागवड घटली. इ.स. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी सौम्य व ३० वर्षांसाठी स्थिर दर ठरवले. गेल्या अनेक वर्षांत गावाने प्रत्यक्षात किती भरले आणि त्या वेळी लागवड वाढली की घटली, हे पाहून त्यांनी दर बसवले. अनुभवावरून आकार ठरवण्याचे अंबरचे तत्त्व यात काही अंशी पुन्हा दिसते. दरवर्षीच्या लागवडीप्रमाणे बदलण्याची लवचीकता मात्र ३० वर्षांच्या दरात नव्हती.

समकालीनांचे मत आणि मूल्यमापन

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख सातत्याने अपशब्दांनी केला आहे. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने इ.स. १६१६च्या सुमारास काढलेल्या चित्रात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडताना दाखवला आहे. प्रत्यक्षात असे कधी घडले नाही. हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. याउलट मोगल इतिहासकार मुतमदखान याने अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याचे युद्धकौशल्य, न्यायबुद्धी आणि कारभार यांची मुक्तपणे प्रशंसा केली आहे.

अंबरच्या व्यवस्थेला आदर्श राज्य मानणे मात्र योग्य नाही. तिचा प्रमुख हेतू युद्धखर्च भागवणे हा होता. पिकाचा एक-तृतीयांश ते दोन-पंचमांश हिस्सा कोरडवाहू शेतकऱ्याला हलका नव्हता. शिवाय पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनांना मिळालेल्या बळामुळे गावातील विषमताही दृढ झाली. तिचे वेगळेपण एवढेच की, सरकार किती घेते आणि शेत किती देते या दोन्ही गोष्टी तिने नोंदीत आणल्या. पुढे ज्या ज्या वेळी ही नोंद सुटली, त्या त्या वेळी वसुलीची रीत बदलल्याचे राज्यकर्त्यांना कळण्यापूर्वी गावे ओस पडली.

स्मृती

खुलदाबाद येथील कबर, छत्रपती संभाजीनगरमधील नहर-ए-अंबरीचे अवशेष आणि भडकल दरवाजा ही अंबरची दृश्य स्मारके होत. अहिल्यानगर जिल्ह्यात भातोडीचा परिसर त्याच्या अखेरच्या मोठ्या विजयामुळे ओळखला जातो. जुन्या महसुली कागदांतील मलिकंबरी धारा या शब्दप्रयोगातही त्याचे नाव टिकून आहे.